सतरा धारा

“बाबा, मनाला उभारीच येत नसेल तर माणसानं करायचं काय?”

हा प्रश्न मुरादबाबांना सगळ्यात आधी मी विचारला होता. खाडीच्या दोन्ही काठांवर चौकशी करा, असल्या खोल प्रश्नात माझा हात धरणारा कुणी नाही.

उत्तर मात्र मला ठाऊक नाही. बाबा तोंड उघडणार एवढ्यात बाहेर कुणीतरी कोलंबी वाटतंय असं कानावर आलं, आणि मी उठलो.

तेव्हा ही गोष्ट माझी नाही. तोच प्रश्न पुढे दोन वर्षांनी रघा खडप्यानं विचारला. तो बिचारा उत्तर मिळेपर्यंत बसून राहिला, म्हणून सगळं त्याच्या वाट्याला आलं.

रघा म्हणजे रघुनाथ. बावीस वर्षं आगबोटीच्या इंजिनात तेलपाणी केलं आणि गावी परतला तो काळा चष्मा, पांढरी टोपी आणि अकरा बंदरांची नावं घेऊन. ती नावं तो सत्यनारायणाच्या पूजेतही सांगायचा. भटजी गंगा-यमुनेला बोलवायला लागले की हा मध्येच एक बंदर घुसवायचा.

मुरादबाबा म्हणजे खाडीकाठच्या तकियात, त्या जुन्या मठीत, राहणारे फकीर. अंगावर हिरवी लुंगी, हातात काठी, आणि बोलणं इतकं कमी की नवख्याला वाटावं, म्हातारा बहिरा आहे. लोक रडत यायचे, बाबांसमोर गप्प बसायचे आणि बरं वाटून जायचे. मी रोज जायचो. मला आधीपासूनच बरं होतं, पण तिथे चहा असायचा.

त्या सकाळीही होतो. रघा आला, चष्मा काढला आणि विचारलं. मग स्वतःच सांगत सुटला.

सांगणं असं, की त्याला आळशी म्हणू नये. सकाळी उठतो, ठरवतो, पाय बरोबर होडीकडे जातात. तिथे गेलं की हात गळतात. मन म्हणतं, आज नको. कामाला अशी आतून उभारी यायला हवी. ती आली की एका दिवसात होडी तयार करून दाखवीन. अकरा बंदरं पाहिलेला माणूस आहे.

बाबा ऐकत होते…

मी कपात तोंड लपवून हसत होतो. कारण ही होडी आणि मी, आमचं जुनं नातं.

होडी रघाच्या बापाची. फणसाच्या लाकडाची, चांगली आठ-दहा माणसं बसतील अशी. बाप गेला तशी ती माडाच्या झापांच्या मांडवाखाली पालथी पडून राहिली नऊ वर्षं. रघानं परतल्यावर ती उताणी केली. का केली, ते सांगायला हवं, नाहीतर मी नुसताच हसरा म्हातारा ठरेन.

त्याला एक मुलगी, शेवंती. बाप समुद्रावर असताना तिनं पलीकडच्या काठावरच्या एका मुलाशी स्वतःच्या पसंतीनं लग्न लावलं. तसं तिनं बापाला कळवलं. कुठल्याशा बंदरातून बापाचं उत्तर आलं, तीन शब्दांचं. मला मुलगी नाही.

गावी आल्यावर राग उतरला. राग हा माणसाच्या जेवणावर अवलंबून असतो, आणि आगबोटीवरचं जेवण काही खरं नाही. त्यात शेवंतीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी. तिनंही निरोप पाठवला की वडील न्यायला आले तर येईन.

रघा हरखला. गावभर सांगत सुटला की लेकीला आणीन तर माझ्या होडीतून. पूल वीस मैलांवर, एसटी दोनदा बदलायची, गरोदर पोरीला असलं काही नको. खाडी अर्ध्या तासाची. फक्त होडी तेवढी नीट झाली, की निघालोच.

सातवा महिना गेला. आठवा गेला.

होडी गळत होती. रघा रोज सकाळी तिच्यात दहा-बारा बादल्या पाणी ओतायचा आणि खालून धारा मोजायचा. धारा मोजायला मी. त्यानं एका फटीत कापूस आणि राळ भरावी, दुसऱ्या दिवशी शेजारची फट उघडी. मी मोठ्यानं आकडा सांगायचो. अठरा. मग सतरा. मग एकवीस. मग पुन्हा सतरा. आकडा उतरला की तो मला चहा पाजायचा, चढला की भजीही खायचो, कारण त्याला दुःख एकट्यानं सोसायचं नसायचं.

नववा लागला तेव्हा त्याची बायको वैतागली. लाडवांचा डबा उचलला आणि एसटीनं लेकीकडे निघून गेली. जाताना म्हणाली, घरातला पाळणा एसटीत घेईनात. आजोळचा पाळणा बारशाला लागतो. तुमची होडी तरली तर घेऊन या, नाहीतर राहू द्या.

लेक बाळंत झाली. मुलगी झाली. रघा होडीशेजारी बसून होता. धारा सतरा.

एवढं सगळं त्यानं बाबांना सांगितलं. यातला भज्यांचा भाग त्यानं वगळला. मी आभार मानले मनात.

बाबांनी विचारलं,

“बारसं कधी?”

“उद्या संध्याकाळी.”

“पाळणा?”

“माळ्यावर आहे. होडी झाली की काढतो.”

“भरती?”

“आता येतेय. साडेअकराला पुरी.”

बाबा उठले.

आता तुम्ही बाबांना उठताना पाहिलेलं नाही, म्हणून तुम्हाला हे वाक्य साधं वाटेल. बाबा बसले की बसले. लोक त्यांच्याभोवती झाडून घ्यायचे. ते उठले म्हणताच मी कप तसाच ठेवला, अर्धा भरलेला, आणि माझ्या आयुष्यात असे दोनच कप राहिलेत.

काठी टेकत बाबा पुढे, मागे रघा, त्याच्या मागे मी, आणि वाटेत भेटेल त्याला मी खूण करतोय की चला चला, काहीतरी होणार आहे. काय होणार आहे ते मलाही ठाऊक नव्हतं. होडीपाशी पोचेपर्यंत पंधरा-वीस माणसं जमली. जाळी विणणारे जाळी टाकून आले.

बाबांनी काठीनं पाण्याकडे खूण केली.

आम्ही ओंडके घातले, खांदे लावले आणि होडी ढकलली. नऊ वर्षांची बसलेली होडी, तिला काय हौस होती म्हणून सांगू. दोन हिसक्यांत उताराला लागली आणि चढत्या पाण्यात शिरली. रघा पाण्यात धावत मागून ओरडतोय की अहो, सतरा ठिकाणी गळतेय.

बाबा कडेला धरून आत चढले. वाकले. तळातलं बूच ओढून काढलं.

कोंबडीचं अंडं जाईल एवढं भोक. त्यातून कारंजं उठलं. सतरा धारा आपल्या बाजूला गप्प, कोण विचारतो त्यांना.

बूच त्यांनी माझ्या हातात दिलं आणि काठावरच्या चिऱ्यांकडे बोट केलं. दगड आत टाका. कुणाचं ऐकायचं नाही अशी माझी जन्माची रीत. पण असलं काम मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी एकट्यानं पाच चिरे नेले. बाकीच्यांनीही हात लावला. होडी जड झाली, डुलली, कडेपर्यंत आली, आणि खाली गेली. वर नुसते बुडबुडे.

बाबा छातीभर पाण्यात, दोघांच्या खांद्यांना घट्ट धरून उभे.

रघाचा चष्मा वाहून गेला होता. आवाज मात्र जागेवर होता.

“बाबा, बुडवलीत तुम्ही.”

“हो.”

“का पण?”

“गळत होती.”

रघा मग जे बोलला ते मी लिहीत नाही. अकरा बंदरांतून गोळा केलेला माल होता आणि त्यातला बराचसा आम्हाला कळलाही नाही. शेवटी म्हणाला की असला खलाशी मी जगात पाहिला नाही. बाबा म्हणाले, मी खलाशी नाही. आणि त्याला घरी जाऊन पाळणा खाली काढायला सांगितलं.

तो गेला तो पाय आपटत गेला. पाळण्याचं नावही काढू नका म्हणाला.

मी डुबकी मारून बूच परत लावलं. बाबांनीच सांगितलं होतं.

दुपारी ओहोटी लागली. पाणी हटलं तशी होडी चिखलात उघडी पडली. आत काठोकाठ पाणी आणि खालून धारा. लोक परत बघायला आले. मी सवयीनं मोजल्या. सतरा. संध्याकाळी मोजल्या तर अकरा. रघा आला नाही. पुढे भरती आली, होडी पुन्हा बुडाली, आणि आम्ही घरी गेलो.

सकाळी उजाडताच मी पळत सुटलो. ओहोटी होती. रघा माझ्या आधी तिथे हजर.

होडी चिखलात उभी. आत पाणी, कडेला टेकलेलं, वर एक माशी बसलेली. रघा वाकून खालून हात फिरवत होता. या बाजूनं फिरवला, त्या बाजूनं फिरवला. देवळाबाहेर आपल्या वहाणा शोधतो ना माणूस, तसा धारा शोधत होता.

एकही नाही.

लोखंडाच्या आगबोटीवर बावीस वर्षं काढली की माणूस लोखंडासारखा विचार करतो. आगबोट गळली की तिला कोरड्या जागी घ्यायची, सांधायची, मग पाण्यात. लाकडाचं तसं नसतं. लाकूड कोरडं पडलं की आक्रसतं, फळ्यांमध्ये फटी पडतात. पाणी प्यायलं की फुगतं आणि फटी आपल्या आपण मिटतात. कोरड्यावर ठेवून रघा जन्मभर राळ भरत बसला असता, तरी उन्हानं रोज नवी फट दिलीच असती. जाळी विणणारा पांडू म्हातारा त्याला चार वेळा सांगायला गेला होता, की बाबा रे, आधी बुडव. तर रघानं त्याला खाली बसवून आगबोटीची गोदी कशी असते ते समजावलं होतं.

रघा सरळ झाला. माझ्याकडे वळला. तुला ठाऊक होतं का, एवढंच विचारलं.

मी हो म्हणालो. मग त्यानं पांढऱ्या टोपीनं मला मारलं. हलकंच मारलं. टोपी ओली होती म्हणून लागलं.

मला वाटलं, आता हा नाचणार. आम्ही सगळे नाचायच्या बेतात होतोच. कुणी चिरे काढले, कुणी बूच काढून पाणी सोडलं, परत ठोकून लावलं. माझ्या अंगात तर असा जोर आला होता की मी रघाच्या घरी जाऊन माळ्यावरून पाळणाही उतरवून आणला. लहानपणी शेवंती निजायची तोच. साखळ्या गंजलेल्या, पण लाकूड खणखणीत.

आणि इकडे बघतो तर रघाच्या चेहऱ्यावरची सगळी कळा गेलेली.

होडीला रंग नाही, म्हणाला. बिनरंगाची होडी व्याह्यांच्या दारात कशी न्यायची. मग म्हणाला, दाढी वाढलीय. पांडू म्हाताऱ्यानं तिथल्या तिथे वस्तरा आणवला. मग वारा आडवा आहे म्हणाला. तेवढ्यात वारा पडला. वाऱ्यालाही लाज असते. मग म्हणाला, बरं वाटत नाही, उद्या सकाळी ताजातवाना निघतो, बारसं काय, नाव दुसऱ्या दिवशीही ठेवता येतं.

भरती चढत होती. होडी चिखलातून सुटली आणि हलायला लागली.

बाबा येऊन काठावर उभे होते. रघा त्यांच्याजवळ गेला. आवाज इतका खाली, की मला दोन पावलं पुढे सरकावं लागलं.

“बाबा, ती दारात उभी राहून मला तसेच तीन शब्द म्हणाली तर?”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं…

मग पाण्यात उतरले, माझा खांदा धरून होडीत चढले, पाळणा मागून घेतला आणि मांडीवर घेऊन मधल्या फळीवर बसले.

रघानं विचारलं, तुम्ही कुठे निघालात.

“बारशाला. आमंत्रण नाही. भूक आहे.”

आता फकीर होडीत बसलाय आणि होडीचा मालक काठावर उभा, असं किती वेळ चालणार. वीस माणसं बघतायत. रघानं लेंगा वर खोचला, होडीत उडी टाकली आणि वल्ही धरली. मी पत्र्याचा डबा घेऊन मागे. पाणी उपसायला कुणी हवं, असं मी सांगितलं. खरं तर मला बारशाच्या घुगऱ्या आवडतात.

इंजिनात बावीस वर्षं काढलेल्या माणसानं वल्हं धरणं ही बघायची गोष्ट आहे. पहिल्यांदा आम्ही जागच्या जागी फिरलो. मग उलटे फिरलो. एकदा तर पुन्हा काठालाच लागलो आणि पांडू म्हाताऱ्यानं पायानं ढकलून दिलं. काठावर शिट्ट्या, टाळ्या. कुणीतरी ओरडलं, हे बारावं बंदर का रे. रघाचे कान लाल.

पण पोरवयात बापाबरोबर मारलेली वल्ही कुठे जातात. हाताला आठवलं. एक झटका, दुसरा, आणि होडीनं नाक सरळ केलं. पाणी दोन बाजूंना चिरत निघालो. पायाखाली ती फणसाची फळी कशी थरथरत होती, काय सांगू. मी ओरडत होतो, उगाचच. उपसायला काही नव्हतं म्हणून मी डबा वाजवायला घेतला. रघा हसला. तीन महिन्यांत पहिल्यांदा. घाम डोळ्यात जात होता, हाताला फोड आले होते, तरी हसत होता आणि मारत होता.

बाबा पाळणा धरून पुढे बघत होते.

पलीकडचा काठ दिसायला लागला. आधी माड, मग त्यांच्या खालची घरं. एका अंगणात मांडव घातलेला, धूर निघतोय, बायकांची ये-जा. त्यातली एकजण पाण्यापर्यंत आली आणि कपाळावर हाताचा आडोसा धरून आमच्याकडे बघत उभी राहिली.

त्याची बायको की शेवंती, ते एवढ्या लांबून कळत नव्हतं.

रघाचे हात थांबले.

होडी थोडी सरकली आणि तिथेच डुलत राहिली. भरती पुरी झालेली, पाणी स्थिर. कुठूनच ओढ नाही.

“बाबा, धार आहे.”

मी बघितलं. पुढच्या टोकाशी फळीच्या सांध्यातून पाणी येत होतं खरं. सुतासारखं. इतकं, की मुंगीला आंघोळ घालायला दोनदा साठवावं लागेल.

रघा म्हणाला, एकच आहे, पण आहे. खाडीत धोका पत्करू नये, त्यात होडीत तुमच्यासारखं माणूस. आत्ता परत फिरलो, राळ लावली, तर उद्या सकाळच्या भरतीला अगदी न चुकता…

मी डबा वाजवायचा थांबलो.

त्यानं मागे पाहिलं, पुढे पाहिलं. पलीकडची ती बाई अजून तशीच उभी होती. आता तिनं एक हात वर केला. बोलावत होती की नको म्हणत होती, देव जाणे.

“बाबा, बरोबर मधोमध आहोत. मागे जेवढं, तेवढंच पुढे. तुम्ही म्हणाल तसं करतो. जाऊ, की फिरवू?”

बाबांनीही मागचा काठ पाहिला. पुढचा पाहिला. घाई नाही कसली…

मग उठले. होडी कलली, मी कडेला धरलं. बाबांनी लुंगी गुडघ्यापर्यंत खोचली, पाळणा उचलून डोक्यावर घेतला, आणि पुढच्या काठाकडे तोंड करून एक पाय होडीबाहेर टाकला. पाऊल पाण्यात.

बाबांना पोहता येत नाही. हे खाडीच्या दोन्ही काठांना ठाऊक आहे.

“फिरव,” ते रघाला म्हणाले. “मला तेवढं इथं उतरव.”